ट्रॅक्टरवरचा टेप आणि ऐन वाफशात बसलेली बॅटरी



आज पिकाचं नाही, ट्रॅक्टरवरच्या टेपचं लिहितोय. गेल्या पंधरा दिवसांत चार जणांनी फोन करून एकच विचारलं, "तुमच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्यात कुईं-कुईं येत नाही, काय केलं?" प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. लांब होईल. ज्यांना गाण्याची आवड नाही त्यांनी बॅटरी आणि फ्यूजचा भाग तेवढा तरी वाचावा, कारण असंच वायरिंग आपण जादा एलईडी लाईटला, मोबाईल चार्जरला, फवारणीच्या मोटरलाही करत असतो.

आधी एक सांगतो. ट्रॅक्टरवर गाणी लावणं म्हणजे उनाडपणा, असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा रात्री दहा ते पहाटे पाच रोटाव्हेटर मारून बघावा. तिसऱ्या तासाला डोळा लागतो. टेप चालू असला की माणूस जागा राहतो. त्यामुळं पुतण्यानं टेप बसवायचा म्हटल्यावर मी नाही म्हटलं नाही. बारावीनंतर आयटीआय करतोय, हाताला खाज आहे, करू दिलं.

सामान असं: दोन ४४४० आयसीचा तयार बोर्ड, वर यूएसबी-ब्लूटूथचं पॅनेल, सहा इंची चार स्पीकर आणि जुन्या कपाटाच्या प्लायचे दोन डबे. डबे मागच्या दोन्ही मडगार्डवर पट्ट्यांनी कसले. बोर्डाच्या खोक्यावर "१००० वॉट" छापलेलं. त्याबद्दल आत्ताच सांगून टाकतो. ४४४० हा आयसी १३ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, ब्रिज पद्धतीनं जोडला तर साधारण १९ वॉट देतो. दोन आयसी म्हणजे ३८. बाकीचे ९६२ वॉट खोक्यावरच राहतात. पण खरं सांगू, डोक्याजवळ स्पीकर असेल तर ३८ वॉट पुष्कळ होतात. ते पुढं येईलच.

टेप वाजला. घरच्यांनी कौतुक केलं. मग यंदाचं मृग आलं.

दोन पावसांत मिळून ९० मिलिमीटरच्या वर झालं. कृषी खातं सांगतं तसं ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन टाकायचं नाही, हा नेम आम्ही पाळतो. रान चिबडलेलं होतं म्हणून ट्रॅक्टर सहा दिवस शेडमध्येच उभा. सातव्या दिवशी सकाळी मूठभर माती दाबून बघितली, गोळा होऊन फुटत होता, वाफसा आला. बियाण्याला बीजप्रक्रिया केलेली, पेरणी यंत्र जोडलेलं, बायका बांधावर हजर. किल्ली फिरवली तर नुसतं टक्. परत टक्. संपलं.

आता वाफशाच्या दिवशी गावात मोकळा ट्रॅक्टर मिळतो का? सगळ्यांचीच घाई. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याची एक पट्टी उरकून आला, त्याच्या बॅटरीवरून जम्पर लावून आमचा चालू केला, तोवर साडेदहा वाजले. सव्वातीन तास गेले. पाच एकरांपैकी तीस गुंठे राहिले आणि संध्याकाळी पाच वाजता आभाळ फुटलं. ते तीस गुंठे नंतर दहा दिवसांनी पेरले. आजही बांधावर उभं राहिलं की दोन तुकड्यांतला फरक दिसतो, एकाला फुलं आणि दुसरं अजून फांद्याच धरतंय.

दुकानदार म्हणाला बॅटरी गेली, नवी घ्या. तीन वर्षांची होती, पटण्यासारखं होतं. पण मला बॅटरी मेल्यासारखी वाटत नव्हती, कारण दिवसभर पेरणी झाल्यावर ती संध्याकाळी पहिल्या सेल्फला उचलली होती. म्हणून पैसे खिशातच ठेवले आणि मल्टिमीटर काढला. तीन-चारशे रुपयांना मिळतो. ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे त्याच्याकडं हा पाहिजेच, पान्यासारखा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला पाहिजे. तेवढं आलं की अल्टरनेटर चार्ज करतोय. आमचा १३.९ दाखवत होता, म्हणजे अल्टरनेटर ठीक. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, टेपची वायर सोडून दोन रात्री ठेवली, १२.६ ला ठाम. म्हणजे बॅटरीही ठीक. मग प्यायलं कोण?

पुतण्याला म्हटलं, "टेपची वायर किल्लीवरून घेतलीस की थेट बॅटरीवरून?"

"थेट, काका. किल्ली बंद असली तरी गाणी लागावीत म्हणून. जेवताना वगैरे."

"आणि बंद कुठून करतोस?"

"पॅनेलवरून. बटण दाबलं की आवाज बंद."

आवाज बंद झाला म्हणजे टेप बंद झाला असं नाही. मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या खाचेत घातलं, टेपच्या प्लस वायरमध्ये मधोमध जोडलं. गाणं बंद, पॅनेलवर निळा दिवा. मीटर म्हणतो ०.३२ अँपिअर. दोन आयसी काही न वाजवता प्रत्येकी ०.१ च्या आसपास ओढतात, उरलेलं पॅनेल आणि त्याचे दिवे. आता हिशेब करा. ०.३२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-अवरच्या वर. सहा दिवसांचे ४६. बॅटरी ७५ ची, तीही तीन वर्षं वापरलेली. एक एलईडी लुकलुकतोय म्हणून आपण दुर्लक्ष करतो, पण त्याच्या मागं बसलेला बोर्ड दिवसरात्र थेंब-थेंब पीत असतो. ठिबकचं पाणी मोजणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

इलाज सोपा आहे. चार पायांचा रिले, हॉर्न-हेडलाईटला वापरतात तोच. पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीचा प्लस (फ्यूजमधून), ८७ वरून अँप्लिफायर, ८६ ला किल्लीनंतरची वायर, ८५ ला मायनस. किल्ली बंद केली की टेप मुळापासून तुटतो. जेवताना गाणी पाहिजे असतील तर किल्ली चालूच्या घरात ठेवावी लागते, आणि ते डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यानं लक्षात राहतं. पुतण्या थोडा नाराज झाला. दुसऱ्या दिवशी विसरला.

हे करताना बॉनेट उघडलं आणि जे दिसलं ते बघून माझ्या पोटात गोळा आला. बॅटरीपासून निघालेली वायर म्हणजे घरातल्या बल्बची अर्ध्या चौरस मिलिमीटरची दुपेडी वायर. ती बॉनेटच्या पत्र्याच्या कडेवरून मागं नेलेली. थरथरीनं कडेला घासून वरचं प्लास्टिक गेलेलं आणि आतलं तांबं उघडं. वाटेत फ्यूज नाहीच. तिथून वीतभर अंतरावर डिझेलची नळी.

बॅटरी ही लई ताकदीची चीज आहे मंडळी. सेल्फ मारताना ती शेकड्यानं अँपिअर देते. ते तांबं पत्र्याला टेकलं असतं तर तेवढाच करंट त्या बारीक वायरीत शिरला असता आणि वायर तारेच्या शेगडीसारखी लाल झाली असती. शेजारी डिझेल, वर वाळलेला पाला. पेरणीचे तीस गुंठे राहिले हे दुःख त्यापुढं काहीच नाही. उसाच्या फडात, पाचटात चालणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी तर आजच बॉनेट उघडून बघा.

फ्यूज कशासाठी असतो हे नीट समजून घ्या. फ्यूज टेप वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो टेपजवळ लावून उपयोग नाही. बॅटरीच्या प्लसपासून एका विटेच्या लांबीच्या आत लावायचा. बॅटरी ते फ्यूज एवढाच तुकडा बेवारस राहतो, तो जितका आखूड तितका बरा. आमचा टेप पूर्ण आवाजात ५ अँपिअरच्या आसपास ओढतो. मी १० चा फ्यूज लावला, जादाच्या जागेचं कारण पुढं येतंय. वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली, ती एवढ्याला लागत नाही, पण थरथरीत टिकते. पत्र्यातून जिथं जिथं वायर जाते तिथं रबरी बूश, आणि बाकी सगळीकडं जुन्या ठिबकच्या १६ एमएम नळीत घातली. ठिबकची फाटकी नळी आपल्याकडं काय कमी आहे का!

आता वळू त्या कुईं आवाजाकडं, ज्यासाठी फोन येतायत.

आवाज कसला आहे हे आधी ओळखायचं, उगीच सामान बदलायचं नाही. इंजिन बंद ठेवून टेप लावला, गाणं थांबवलं. एक बारीक चिर्र होती. इंजिन चालू केलं तर वर कुईं आली. रेस वाढवली की कुईं चढते, कमी केली की उतरते. रेसबरोबर चढ-उतार होत असेल तर तो अल्टरनेटर, दुसरं काही नाही. अल्टरनेटर मुळात एसी तयार करतो, आतले डायोड त्याचं डीसी करतात. पण ते डीसी तळ्यातल्या पाण्यासारखं सपाट नसतं, त्यावर बारीक लाटा राहतात. इंजिन जोरात फिरलं की लाटा जवळजवळ येतात, म्हणजे सूर चढतो. लाईटला त्याचं काही वाटत नाही. अँप्लिफायरला वाटतं, कारण बारीकसारीक मोठं करणं हेच त्याचं काम.

पण लाटा सगळ्याच ट्रॅक्टरांत असतात, कुईं सगळ्यांत येत नाही. मग आमच्यातच का? पुढची परीक्षा: पॅनेलकडून अँप्लिफायरला येणारी पिन काढली. कुईं गायब. म्हणजे ती प्लसच्या वायरीतून येत नव्हती, गाण्याच्या वायरीतून येत होती. (पिन काढूनही राहिली असती तर शोध प्लसच्या बाजूनं घेतला असता.) गाण्याच्या वायरीत अल्टरनेटर कसा शिरला? अर्थिंगमधून. पुतण्यानं पॅनेलचा मायनस डॅशबोर्डच्या स्क्रूला दिला होता आणि अँप्लिफायरचा मायनस मडगार्डच्या बोल्टला. आपण समजतो बॉडी म्हणजे बॉडी, सगळीकडं सारखीच. तसं नसतं. मडगार्डवर रंग, त्याखाली गंज, बोल्टाखाली चिखल.

मोजून बघा. मीटरचं काळं टोक थेट बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक अँप्लिफायरच्या मायनसवर, गाणं जोरात. चांगल्या जोडणीत ०.१-०.२ च्या आत यायला पाहिजे. आमच्याकडं ढोल वाजला की ०.९ पर्यंत उडी. प्लसच्या बारीक वायरीत आणखी अर्धा व्होल्ट जात होता. म्हणजे बॅटरीवर १३.९ आणि अँप्लिफायरला ढोलाच्या ठेक्यावर १२.५. आवाज फाटतो, ढोल बसका वाटतो, लोक म्हणतात स्पीकर हलका. स्पीकर हलका नसतो, पाईपलाईन अरुंद असते. आणि त्या दोन मायनसमधला फरक गाण्याच्या वायरीच्या जाळीतून वाट काढतो, तीच कुईं.

दोन्ही मायनस एकाच थिंबलमध्ये दाबले, त्यातून एक जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला. बॉडीचा काही संबंधच ठेवला नाही. ०.९ चे ०.०८ झाले. कुईं गेली. दोन कॉइलचं आयसोलेटर, नॉइज फिल्टर म्हणून जे विकतात, त्याची इथपर्यंत गरज लागली नाही.

ती बारीक चिर्र मात्र राहिली. ती इंजिनाची नव्हतीच. पेनड्राईव्हवर गाणं लावलं की जवळपास नाही, ब्लूटूथ लावलं की येते. ब्लूटूथचं पॅनेल आणि अँप्लिफायर एकाच सप्लायवर असले की पॅनेलच्या आतल्या कामाची खरखर गाण्याच्या मायनसमध्ये मिसळते. तिला मात्र ते दोन कॉइलचं आयसोलेटर लागलं. गाणं एका कॉइलमधून दुसऱ्यात उडी मारून जातं, तांब्याची जोडणी राहत नाही. मोबाईल चार्जिंगला लावून ऑक्स वायरीनं गाणी वाजवणाऱ्यांचीही हीच कथा आहे. चार्जर काढून बघा, आवाज गेला तर दोष तिथंच. थोडक्यात, आधी अर्थिंग, मग आयसोलेटर. उलटं केलं तर आवाज झाकला जातो आणि गंजका बोल्ट तसाच राहतो.

आमच्यातल्या कृषी अभियंत्यांसाठी एक भर. कुईं जुनी नाही, अचानक एका दिवशी वाढली, आणि वायरिंगला कुणी हात लावलेला नाही, तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. बॅटरीवर इंजिन चालू असताना एसी व्होल्ट मोजले तर अर्ध्या व्होल्टच्या वर यायला नकोत. स्वस्त पिवळ्या मीटरला हे जमत नाही, त्यांची एसीची सगळ्यात खालची पट्टीच २०० व्होल्टची असते. चांगल्या मीटरवाल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. आणि कुणी सांगितलं की चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघ, चार्जिंग कळतं, तर ऐकू नका. त्या झटक्यात रेग्युलेटर आणि डायोड दोन्ही जातात.

तिसरा त्रास होता दहा-पंधरा मिनिटांनी टेप आपोआप गप्प होण्याचा. पाच मिनिटं थांबलं की परत वाजायचा. बोर्डाच्या ॲल्युमिनियमला हात लावला तर चटका. आयसीच्या आत तापमानाचा पहारेकरी असतो, जास्त तापलं की तो आवाज बंद करतो. तापतो का? एका बाजूला ४ ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडलेले. त्याचे झाले २ ओहम. आयसीला ४ च्या खाली चालत नाही. दोन बैलांच्या जागी एकच बैल जुंपल्यासारखं. एकामागं एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडले, ८ ओहम झाले. आवाज किंचित कमी झाला, चटका गेला. मीटर ओहमवर ठेवून स्पीकर मोजला तर ४ चा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, घाबरू नका, तसंच असतं.

याच बोर्डाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्रिज जोडणीत स्पीकरच्या दोन्ही वायरींत आयसीचा जीव असतो, कुठलीच मायनस नसते. एक वायर वाचवायची म्हणून स्पीकरचं एक टोक बॉडीला दिलं तर आयसीवर ताण येतो आणि बहुतेक वेळा तो जातोच. जुन्या रेडिओत चालायचं, इथं नाही. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडं येणारे निम्मे मेलेले बोर्ड याच कारणाचे असतात, असं तो सांगतो.

ढोल गायब असेल तर स्पीकर उलटे-सुलटे जोडलेत का बघा. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, क्षणभर स्पीकरला लावा. प्लसला प्लस असेल तर कागद बाहेर येतो. एक बाहेर आणि शेजारचा आत गेला तर ते एकमेकांचा ढोल खातात. आमच्या डाव्या डब्यात तसंच होतं. दोन मिनिटांचं काम.

थरथर, धूळ, पाणी याबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे. बोर्डाखाली जुन्या ट्यूबचे चार तुकडे, कनेक्टरच्या स्क्रूऐवजी झाळलेले जोड, कागदी कोनवर पाणी पडणार नाही असा उतार. गोल बटण खरखर करत असेल तर धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, डिझेल मारू नका. एका मित्रानं माठात स्पीकर बसवलाय. अंगणात फार गोड वाजतो. ट्रॅक्टरवर नेला, पहिल्याच चारीत फुटला.

आता आवाजाबद्दल. हे सगळं दुरुस्त झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आता मोठा अँप टाकू, रोटाव्हेटरला गाणं दबतं." मी म्हटलं अँप नको, डबे हलव. मडगार्डवरचे स्पीकर कानापासून चार फुटांवर आणि तोंड मागं. गाणी कुणासाठी होती? मागच्या शेतासाठी. मोकळ्या रानात अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, तेवढाच आवाज अँप्लिफायरनं वाढवायचा तर चौपट वॉट लागतात. डबे छत्रीच्या दांड्यांना, डोक्याच्या दोन्ही अंगांना दोन फुटांवर बांधले. १९ वॉटच पुरे झाले, तेही निम्म्या बटणावर.

आणि कानाचाही हिशेब आहे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर ओझ्याखाली चालकाच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास, कधी वरही असतो. कानाला ८५ डेसिबल आठ तास सोसतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. म्हणजे इंजिनच कान खातंय, त्याच्या वर गाणं चढवायचं म्हटलं तर विचार करा. आमच्या थोरल्या भावाला आज समोरचा माणूस काय म्हणतो ते दोनदा सांगावं लागतं. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, टेपशिवाय.

इंजिन नुसतं गोंगाट करत नाही, ते बोलतंही. रोटाव्हेटरमध्ये दगड आला, नांगर खोल गेला, पट्टा घसरला, हे जुना ड्रायव्हर डोळ्याआधी कानानं ओळखतो. तो आवाज गाण्याखाली गाडला जाऊ नये, इतकंच बटण फिरवायचं.

गेल्या वर्षीचं सांगतो. पुतण्या पेरत होता, गाणं जोरात. एका दात्याच्या तोंडात ओली माती बसली, नळी भरून बी पडायचं थांबलं. मागच्या फळीवर वहिनी होत्या, त्याची आईच. त्या ओरडतायत, "थांब रे, थांब!" साहेब आपल्या गाण्यात. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा वळताना त्यानं मागं बघितलं. तीन फेऱ्यांत एक-एक तास कोरा. वहिनींनी त्या दिवशी त्याला जेवण वाढलं, पण बोलल्या नाहीत. नंतर त्या कोऱ्या तासांत हातानं तूर टोकली. बी पडलं नाही हे बरं म्हणायचं. वहिनींचा पदर चाकात अडकला असता आणि त्या तशाच ओरडत राहिल्या असत्या तर? उसाच्या ट्रॉल्यांवरचे मोठे साऊंड बघतो तेव्हा मला हेच आठवतं. मागचा दुचाकीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकतो आणि शेवटी अंदाजानं बाजूनं घुसतो.

म्हणून यंदा एक जुगाड केलंय, आणि खरं तर एवढं सगळं लिहिलं ते हे सांगण्यासाठी. पाच पायांचा रिले मिळतो, त्याला ८७ च्या जोडीला ८७ए असा पाय असतो. रिले झोपलेला असताना ३० ची जोडणी ८७ए शी असते, जागा झाला की ८७ शी. पहिल्या रिलेकडून येणारा सप्लाय याच्या ३० ला दिला, अँप्लिफायर ८७ए वर, आणि ८७ वर एक वेगळा हॉर्न, ड्रायव्हरच्या सीटखाली. रिलेच्या कॉइलची वायर ट्रॉलीच्या सॉकेटमधून मागं पेरणी यंत्रावर नेली आणि फळीजवळ, हाताला येईल असं घराच्या बेलचं बटण बसवलं. वहिनींनी बटण दाबलं की गाणं तुटतं आणि बुडाखाली हॉर्न वाजतो. सोडलं की धप्प करून गाणं परत. हॉर्न ओढतो चार-पाच अँपिअर, म्हणून फ्यूज १० चा. बटणावर सायकलच्या ट्यूबचं टोपण, पावसासाठी. रिले आणि बटण मिळून खर्च दोनशेच्या आत, हॉर्न जुना होता.

उरलेले तीस गुंठे पेरताना पहिल्यांदा वापरलं. वहिनींनी पहिल्या फेरीत अकरा वेळा बटण दाबलं. नळी एकदाही तुंबली नव्हती. पुतण्या उतरून विचारायला गेला तर म्हणाल्या, "चालतंय का ते बघत होते." नंतर खरोखर एकदा माती बसली, तेव्हा ट्रॅक्टर दोन हातांच्या आत थांबला.

आता एवढंच उरलंय की वळायचा इंडिकेटर लावला की स्पीकरमधून बारीक टिक-टिक ऐकू येते. कुठून शिरतेय ते माहीत आहे, इंडिकेटरची वायर गाण्याच्या वायरीला लागून गेलीय, वीतभर लांब केली की जाईल. पण रस्त्याला लागून वळल्यावर इंडिकेटर बंद करायला पुतण्या हमखास विसरतो. तेवढी टिक-टिक राहू दिलीय.